आबोली, गाजरी की पीच फझ?

पुतण्याच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. हल्लीची पत्रिका वाचायची नसते, बघायची असते. गणपती डोलतो, पाकळ्या पडतात, सनई वाजते आणि आपण चष्मा शोधेपर्यंत मुहूर्ताचं पान उलटून जातं. तिसऱ्यांदा बघितल्यावर रिसेप्शनच्या पानावर तळाशी दोन बारीक ओळी दिसल्या. 'ड्रेस कोड : पेस्टल.' 'रेड कार्पेट एन्ट्री : सायं. 7.'

पूर्वी त्या जागी 'कृपया आहेर आणू नये' असं असायचं. ते कुणी पाळत नसे, म्हणून त्याचा कुणाला त्रासही नसे. हे मात्र पाळायचं होतं. धाकट्या जाऊबाईंचा लगोलग फोन आला. "ताई, गडद काही नेसू नका हं. फोटोत उठून दिसाल."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. या घरातल्या बारशापासून साठीशांतीपर्यंत प्रत्येक कार्यात मी उठून दिसावं म्हणूनच नेसत आले. उठून दिसणं हा अपराध झाल्याचं मला त्या दिवशी कळलं.

नवऱ्याला विचारलं, "पेस्टल म्हणजे काय, माहीत आहे?"

"मेणाचे खडू," पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला. मग स्वतःपुरता प्रश्न त्याने तिथेच निकालात काढला. "मी आपला पांढरा शर्ट घालीन. पांढरा कशावरही चालतो." जगभरचे डिझायनर ज्या प्रश्नावर वर्षभर डोकं फोडतात, त्याचं उत्तर या माणसाने नोकरीला लागला तेव्हाच शोधलं आणि पुन्हा म्हणून तपासून पाहिलं नाही.

मला मात्र एकदम आईची आबोली साडी आठवली. रेशमी, बोटभर जरीचा काठ, जुन्या धोतरात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवलेली. बाहेर काढली तेव्हा खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. चाळीस वर्षांत रंग थोडा उतरला होता, पण तो असा बेताने उतरला होता, वयाबरोबर माणसं जशी कमी बोलायला लागतात ना, तसा. साडी पेस्टल झाली होती. आता फक्त तिच्यावर ब्लाउज हवा होता. 'फक्त' हा शब्द मी इथे किती अजाणतेपणी वापरला आहे, ते पुढे येईलच.

त्याआधी त्या रेड कार्पेटचं बघू. मी बँकेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हाताशी वेळ आहे आणि फोनला डेटा आहे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जाण्याची सवय लागली आहे. मुळाशी गेले तर भलतंच सापडलं. रेड कार्पेटचा सगळ्यात जुना उल्लेख इसवी सनपूर्व 458 मधला, एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या 'अगामेम्नॉन' नाटकातला. राजा अगामेम्नॉन ट्रॉयचं युद्ध जिंकून दहा वर्षांनी घरी येतो आणि त्याची बायको त्याच्या वाटेवर किरमिजी रंगाची उंची वस्त्रं अंथरते. राजा संकोचतो, हा मान देवांचा, माणसाचा नाही म्हणतो. मग बायकोच्या आग्रहाला बळी पडून, पायांतल्या चपला उतरवून, त्यावरून चालत आत जातो. आत गेल्यावर बायको त्याला न्हाणीघरात ठार मारते.

मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने सगळ्यात तेवढंच पकडलं. "बघ, त्याने चपला बाहेर काढल्या होत्या, तरी."

सिनेमावाल्यांनी हा गालिचा उचलला तो गेल्या शतकात. ऑस्करच्या सोहळ्याला लाल गालिचा 1961 पासून आहे. 2023 साली त्यांना काय वाटलं कोण जाणे, लाल काढून शँपेन रंगाचा अंथरला. 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळालं ते हेच वर्ष. शँपेन रंग म्हणजे आपल्याकडे साडीच्या दुकानात ज्याला बिस्किट कलर म्हणतात, तो. बिस्किट कलरवर डाग दिसतो हे पाहुण्यांच्या खोलीतल्या सोफ्याला बिस्किट कलरचं कापड लावलेली कुठलीही बाई सांगू शकली असती. पुढच्या वर्षी गालिचा पुन्हा लाल झाला.

न्यूयॉर्कचा मेट गाला मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली मंगळवारची पहाट. त्यामुळे सकाळच्या चहाला फोटो ताजे मिळतात, पावाबरोबर. आमच्या घरी हा कार्यक्रम मी आणि सासूबाई बघतो. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना यातली एकही नटी ओळखू येत नाही, हीच समीक्षक म्हणून त्यांची सगळ्यात मोठी पात्रता. समोर फक्त कापड असतं.

रिहानाचा 2015 सालचा पिवळाधमक झगा मी त्यांना मुद्दाम दाखवला. ग्वो पेई या चिनी डिझायनरने केलेला, वजन साधारण 25 किलो, मागे पायऱ्यांवर अर्धा जिना व्यापून पसरलेला. जगाने त्याला ऑम्लेट म्हटलं. सासूबाईंना अंडं चालत नाही. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "गच्चीवर हळद कुणी वाळत घातली?"

प्रियांका चोप्राचा 2017 सालचा कोट बघितला. राल्फ लॉरेनचा, मागे 20 फुटांचा घोळ. सासूबाईंनी नजरेनेच कापड मोजलं. "यात दोन परकर आणि चार उशांचे अभ्रे निघाले असते. मापं चुकली वाटतं शिंप्याची." 2024 मध्ये टायला नावाची गायिका वाळूचा झगा घालून आली होती. तो अंगावर इतका घट्ट बसला होता की तिला पायरी चढता येईना. शेवटी लोकांनी उचलून वर नेलं. सासूबाई हळहळल्या. "पाय मोडलाय का गं बिचारीचा? प्लास्टरसुद्धा हल्ली सोनेरी करतात."

मागच्या वर्षी तिथला गालिचा चक्क निळा होता, वर पांढरी फुलं. त्यावरून शाहरुख खान सब्यसाचीचा काळा पोशाख घालून चालत गेला, गळ्यात 'के' अक्षराचं भलंमोठं पदक. शाहरुखला मात्र सासूबाई ओळखतात. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "अक्षर कशाला अडकवलंय गळ्यात? गर्दीत हरवतो की काय?" आमचा मुलगा बालवाडीत जायचा तेव्हा त्यांनीच त्याच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवली होती.

मग त्याच महिन्यात बातमी आली की कान महोत्सवाने रेड कार्पेटवर अंगप्रदर्शन आणि मागे लांबलचक घोळ असलेले कपडे, दोन्हींवर बंदी घातली. मी वाचून दाखवलं. "आमच्या शाळेत हे 1955 सालीच होतं," सासूबाई म्हणाल्या आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

रेड कार्पेटवर एक प्रश्न ठरलेला असतो. तुम्ही काय घातलंय, असं तिथे विचारत नाहीत. तुम्ही 'कोणाला' घातलंय, असं विचारतात. जोन रिव्हर्स या बाईंनी नव्वदच्या दशकात टीव्हीवर हा प्रश्न रूढ केला. त्यावर नटीने डिझायनरचं नाव सांगायचं असतं. मला पहिल्यांदा ते फार विचित्र वाटलं. नंतर लक्षात आलं की आपल्याकडेही कपाटातल्या प्रत्येक साडीला नाव असतंच, फक्त ते शिवणाऱ्याचं किंवा विणणाऱ्याचं नसतं. "ही कुठली?" म्हटलं की "नणंदेच्या डोहाळेजेवणातली." "ती मोरपंखी?" "ती मामेसासऱ्यांच्या साठीशांतीतली." तिकडे कपडे डिझायनरच्या नावाने ओळखतात, इकडे कार्याच्या नावाने. सगळ्यात वरच्या खणात असतात त्या 'घेतलेल्या', मधल्या खणात 'आलेल्या' आणि सगळ्यात खाली 'देण्याघेण्यातल्या'. या तिसऱ्या जातीच्या साड्या घडीही न मोडता घराघरांतून फिरत असतात. एक साडी तर आमच्या नात्यात वर्षानुवर्षं फिरून माझ्याकडेच परत आली. माझ्याच हाताने लावलेल्या हळदीकुंकवाच्या बोटासकट.

शिवाय रेड कार्पेटवर उत्तर दिलं की विषय संपतो. आपल्याकडे "कुठून घेतलीस?" नंतर "केवढ्याला?" असतं, आणि किंमत ऐकता ऐकता समोरची बाई आपला पदर हातात घेऊन अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळत असते. त्या चोळण्यात निकाल असतो. तोंडाने ती म्हणते "छान आहे." बोटं म्हणतात, "फसलीस."

आता रंगाकडे येते. माझी भाची फॅशन डिझाइन शिकते. व्हिडिओ कॉलवर आबोली साडी बघून ती किंचाळलीच. "मावशी! हा तर पीच फझ आहे!"

पीच फझ हा 2024 सालचा 'कलर ऑफ द इयर' होता, असं तिने समजावलं. पँटोन नावाची एक कंपनी आहे, अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये कार्ल्सटाड्टला. ती दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. पहिला रंग 2000 सालचा, सेरुलियन. पीच फझ म्हणजे पीच या फळाच्या सालीवरची लव. नुसत्या फळावरही भागलं नाही, त्यावरची लव! माझ्या आईची साडी आबोलीची होती. चाळीस वर्षं कपाटात राहून तिला लव फुटली.

भाचीने सगळी यादीच पाठवली. मी ती सासूबाईंना वाचून दाखवली आणि आम्ही दोघींनी तिचं भाषांतर करायला घेतलं. सेरुलियन म्हणजे अस्मानी, याला वेळ लागला नाही. 2015 चा मारसाला हा सिसिलीतल्या दारूचा रंग. आमच्या घरात दारू नसल्यामुळे तो आमसुली ठरला. 2019 चा लिव्हिंग कोरल, म्हणजे पोवळं. 2023 चा व्हिवा मॅजेंटा म्हणजे आपला राणी कलर, एरवी मंगळागौरीला खपतो तो. 2021 साली त्यांना एका रंगावर ठरवता आलं नाही म्हणून राखाडी आणि पिवळा असे दोन दिले. त्याला सासूबाई "धुनीतला निखारा" म्हणाल्या, आणि मला वाटतं न्यू जर्सीत कुणालाही याहून चांगलं सुचलं नसतं. 2025 चा मोका मूस म्हणजे सरळसरळ चिकू.

"आणि यंदाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"क्लाउड डान्सर. ढगात नाचणारा."

"म्हणजे कसा?"

"पांढरा."

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वर्षभर बसून पांढरा शोधला?" पण लगेच स्वतःच म्हणाल्या की शोधला असेलही, कारण पांढरा शोधणं सगळ्यात अवघड. त्यांच्या आईच्या कपाटात नुसत्या पांढऱ्याच्याच चार तऱ्हा होत्या: मोतिया, सायीचा, धुवट आणि नीळ दिलेला. पैठणीत तर शुभ्र पांढऱ्याला 'शिरोदक' असं नाव आहे. लाल काठाच्या काळ्या पैठणीला 'काळी चंद्रकळा', पोपटी हिरव्याला 'राघू'. राघू म्हटलं की रंगाबरोबर त्याची वाकडी मानही दिसते. पँटोनच्या क्लाउड डान्सरला नावाबरोबर क्रमांकही आहे, 11-4201. यातले पहिले दोन आकडे रंग किती फिका ते सांगतात, 11 म्हणजे सगळ्यात फिका, 19 म्हणजे सगळ्यात गडद. व्यवस्था चोख आहे. फक्त "हळदीकुंकवाला 11-4201 नेसून ये गं" असं म्हणता येत नाही.

तेवढ्यात नवरा आतून शर्ट घेऊन आला. "हाच घालतोय, इस्त्रीला देतेस?" पांढरा. भाची कॉलवर होतीच. "काका, एकदम ऑन ट्रेंड!" आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला फॅशनची शाबासकी मिळाली, ती जागचं न हलल्याबद्दल.

भाचीला वाटतं की रंग न्यू जर्सीत ठरतात आणि मग जगभर जातात. 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' या 2006 च्या सिनेमात मेरिल स्ट्रीप आपल्या नवख्या मदतनीस मुलीला हेच सुनावते. तुझ्या अंगावरचा हा साधा निळा स्वेटर तू निवडलेला नाहीस, तो वर कुठेतरी ठरून खाली तुझ्यापर्यंत झिरपत आलाय. तो निळाही सेरुलियनच. भाचीला तो प्रसंग पाठ आहे. मी तिला म्हटलं, बाळा, तुझ्या पँटोनचा रंग वर्षभर असतो आणि तो कुणी पाळलेला मी अजून बघितला नाही. आमच्याकडे दिवसाला एक असे नऊ रंग असतात, आणि ते न पाळून दाखव.

तीस वर्षं मी डोंबिवलीहून सीएसएमटीला लेडीज डब्यातून गेले. नवरात्रात कुठल्या दिवशी कुठला रंग, हे एका मराठी वर्तमानपत्राने छापायला सुरुवात केली त्याला आता वीसेक वर्षं झाली. कुठल्याही पुराणात याचा पत्ता नाही. हिशोब साधा वाराचा आहे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी, आणि उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी किंवा जांभळा. ना दंड, ना सक्ती. तरी गुरुवारी प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की समोरून येणारा डबा शेवंतीच्या टोपलीसारखा पिवळाजर्द. पोलीस पिवळ्या रिबिनीत, फुलवाली पिवळ्या पातळात, कॉलेजची मुलगी पिवळ्या ओढणीत. पॅरिसच्या कुठल्याही डिझायनरला एवढी आज्ञाधारक माणसं आयुष्यात मिळायची नाहीत.

खरी परीक्षा करड्या रंगाची. करडी साडी स्वखुशीने कुणी घेत नाही. दुकानदार दाखवतो, आपण "पुढे?" म्हणतो. मग आदल्या दिवशी डब्यात हलकल्लोळ. "सिल्व्हर चालेल का?" "काळ्यावर पांढरे ठिपके म्हणजे लांबून करडंच की." एका वर्षी माझ्याकडे काहीच नव्हतं म्हणून मी हिरवी नेसून गेले. कुणी एक अक्षर बोललं नाही. फक्त चौथ्या सीटवरच्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "बरं नाही का?" त्या दिवशी संध्याकाळी मी ठाण्याला उतरले आणि करडी साडी घेतली. तिला आमच्या कपाटात आजही 'बरं नाही का'मधली म्हणतात.

तर, ब्लाउज.

स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. दुकान जेमतेम रिक्षाएवढं, पण भिंतींना रुबियाचे तागे छतापर्यंत लागलेले. टू बाय टू रुबिया, म्हणजे उभा आणि आडवा दोन्ही धागे दुहेरी. पांढऱ्यापासून सुरू होऊन कोपऱ्यात काळ्यापर्यंत, मध्ये एकही उडी नाही. पिवळा कुठे संपला आणि केशरी कुठे सुरू झाला, हे तिथे बोट ठेवून सांगता येत नाही. काउंटरमागचे काका गेली कित्येक वर्षं तिथेच बसतात. मी साडी पुढे केली आणि हुशारीने म्हटलं, "पीच फझमध्ये दाखवा."

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. साडीचा काठ उलटा केला, आतली बाजू बघितली, कारण वरचा रंग उन्हाने जातो, आतला खरा राहतो. मग मागे न वळता हात वर नेला आणि पोऱ्याला म्हणाले, "गाजरी काढ. तिसरा. नाही, त्याच्या खालचा."

ताग्याचं टोक साडीवर ठेवलं. मला तर तंतोतंत वाटलं. काका म्हणाले, "इथे नका बघू." काउंटरची फळी उचलून ते बाहेर आले, साडी आणि तागा दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात उभे राहिले. बाहेर बघितलं तर साडीत गुलाबी झाक आणि ताग्यात पिवळी. ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटणारे दोन रंग उन्हात एकमेकांना ओळख दाखवेनात. याला शास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. काका त्याला "ट्यूबचा धंदा" म्हणतात. आत गेले, दुसरा तागा. पुन्हा पायरी. तिसरा. चौथ्या वेळी त्यांनी कापड साडीवर ठेवलं, स्वतः दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आता बघा."

कुठे साडी संपते आणि कुठे कापड सुरू होतं, ते दिसेना.

"याला काय म्हणायचं?" मी विचारलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"आई आबोली म्हणायची."

"मग आबोली," ते म्हणाले आणि 80 सेंटिमीटर कापलं. पैसे देताना त्यांनी विचारलं, "रिसेप्शन हॉलमध्ये ना? मग तिथल्या दिव्यात कसाही दिसेल. पण गाडीतून उतरेपर्यंत बरोबर दिसेल."

घरी येऊन वाचलं तर पँटोनची खरी कीर्ती त्या वर्षाच्या रंगाबद्दल नाहीच. 1963 साली लॉरेन्स हर्बर्ट नावाच्या माणसाने छपाईसाठी रंग जुळवायची एक पद्धत काढली. शाई इकडची, कागद तिकडचा, तरी रंग एकच यावा म्हणून प्रत्येक रंगाला क्रमांक आणि सगळ्यांचं पंख्यासारखं उघडणारं नमुनापुस्तक. या पद्धतीचं नाव 'पँटोन मॅचिंग सिस्टिम'. म्हणजे ज्या कंपनीपुढे जगभरचे डिझायनर माना झुकवतात, ते मुळात न्यू जर्सीतलं मॅचिंग सेंटर! मला एकदम आपुलकी वाटायला लागली. पायरीवर उन्हात नेऊन दाखवतात की नाही, एवढंच विचारायचं राहिलं.

पायात काय, हा प्रश्न मला पडला नाही. माझं माहेर कोल्हापूरचं. जून 2025 मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये पुरुष मॉडेल कोल्हापुरी घालून चालले, नुसती 'चामड्याची सँडल' म्हणून. कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. या चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. इकडे एवढा गदारोळ झाला की कंपनीने चपलेचं मूळ मान्य केलं आणि त्यांची माणसं कोल्हापूरला कारागिरांना भेटून गेली. रेड कार्पेटवर कोल्हापूरचं पाऊल मात्र त्याआधी कितीतरी वर्षं पडलं होतं. भानू अथैय्या कोल्हापूरच्या. 1983 साली 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलोबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. भारताचं हे पहिलं ऑस्कर अभिनयाला नाही, गाण्याला नाही, कपड्यांना मिळालं. तेही कुणाच्या कपड्यांना? ज्या माणसाने 1921 मध्ये मदुराईला अंगावरचे कपडे कमी करत पंचावर आणले आणि 1931 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजाकडे चहाला गेला तोही पंचा, शाल आणि चपला अशाच थाटात. त्याने ड्रेस कोड विचारला नाही. याच भानूबाईंनी 'ब्रह्मचारी'त मुमताजला ती केशरी साडी शिवून दिली होती, चेन लावलेली, नाचता यावं म्हणून. पंचा आणि मुमताज साडी एकाच हातातून निघाली, हे मी रिसेप्शनला भाचीला ऐकवणार आहे. 2012 साली त्यांनी ते ऑस्कर अकादमीकडे परत देऊन टाकलं, नीट जपलं जावं म्हणून. मला त्यात कपाटाची नीट ओळख असलेली बाई दिसते.

कापड घेऊन मास्टरांकडे गेले. फ्रान्समध्ये 'ओत कुत्यूर' हे नाव कुणालाही लावता येत नाही. 1945 पासून त्याला कायद्याने नियम आहेत. पॅरिसमध्ये स्वतःची वर्कशॉप हवी, त्यात निदान 15 माणसं हवीत, गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेलं हवं आणि शिवताना फिटिंग हवं. पॅरिस आणि 15 माणसं हे दोन मुद्दे सोडले तर आमचे मास्टर प्रत्येक नियमात बसतात. मापाने शिवतात. फिटिंग एकापेक्षा जास्त वेळा होतंच, कारण पहिल्यांदा हात वर जात नाही आणि दुसऱ्यांदा खाली येत नाही. शिवाय पॅरिसला जे जमलं नाही ते मास्टरांना जमतं. ते माप वहीत लिहितात आणि शिवतात मात्र मनातल्या मापाने. त्यांच्या मनात मी अजून चाळिशीची आहे. या एका कारणासाठी मी शिंपी बदलत नाही.

मास्टरांनी कापड आणि साडी शेजारी शेजारी धरली. "मॅचिंग जोरात आहे, भाभी. कलर कौनसा?"

मी म्हटलं, "आबोली."

त्यांनी वहीत लिहिलं: 'ऑरेंज.'

ब्लाउज मंगळवारी मिळणार आहे. रिसेप्शन रविवारी आहे. मास्टरांचा मंगळवार शनिवारी रात्री साडेनऊला उजाडतो.